बिराजदार सरांच्या चुका

कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून एक नोटीस चुकली. 'प्रा. बिराजदार यांचे तास बुधवारपासून नियमित होतील' असं टाइप करायचं होतं. माझ्या बोटांखाली 'तास'चा 'त्रास' झाला. हेडक्लार्कनी न वाचता सही घेतली, शिपायानं न वाचता फळ्यावर लावली, आणि दुपारपर्यंत सगळं कॉलेज मात्र ती नीट वाचून गेलं. मला बोलावणं आलं. हेडक्लार्क म्हणाले, आधी सरांची माफी मागून या, मग बघू.

मी घाबरत प्राणिशास्त्र विभागात गेले. सर बेडकांच्या बरण्यांच्या कपाटापाशी उभे होते आणि हातात तीच नोटीस होती, टाचणीसकट काढून आणलेली.

"ही तुम्ही केली?"

"हो सर. चुकलं."

"चुकलात? झकास," असं म्हणून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लांबट वही काढली, खिडकीपाशी नेली आणि माझी चूक तिच्यात उतरवून घेतली. माझं नाव विचारलं, तेही लिहिलं. मग वही माझ्यापुढे धरून म्हणाले, की एका अक्षराच्या पायात एक रेघ जास्त पडली आणि वाक्य आधीपेक्षा खरं झालं. अशी चूक आपल्याला चार वर्षांत मिळाली नव्हती, असंही म्हणाले. मी रडायच्या बेतात होते, पण हसू आलं. नोटीस त्यांनी परत दिली नाही. ती वहीत चिकटवली.

सर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. उंच, किंचित वाकलेले, बारा महिने अंगात एकच तपकिरी कोट, आणि चेहऱ्यावर देवीचे खोल वण. शुक्रवार पेठेत आमच्याच बोळात, दोन घरं सोडून एका माडीवरच्या खोलीत एकटेच राहत. दोन्ही वेळचं जेवण खाणावळीत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण काही खाजगी विचारायला गेलेला माणूस अर्धा तास पेशींबद्दल ऐकून परत यायचा.

त्यांना चुका जमवायचा नाद होता. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, तसे सर लिहिताना झालेल्या चुका जमवायचे. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, विद्यार्थ्यांचे पेपर, वाण्याच्या पुड्यांचे कागद, काहीही चालायचं. रस्त्यातून चालताना मधेच थांबून पाटी उतरवून घेणारा माणूस म्हणून पेठेत त्यांची ख्याती होती. नवीन दुकानदारांना ते नगरपालिकेचे वाटत आणि ते घाबरून आत बोलवून चहा देत.

वहीत प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले असत. पहिला निरुपयोगी चुकांचा, म्हणजे ज्यांनी वाक्याचं काही बिघडत नाही नि सुधारतही नाही. दुसरा घातक चुकांचा. आमच्या बोळातल्या एका लग्नपत्रिकेत 'वराकडील मंडळी'च्या जागी 'वराहाकडील मंडळी' छापलं गेलं आणि ते लग्न मोडता मोडता राहिलं. ती पत्रिका दुसऱ्या रकान्यात होती. तिसऱ्या रकान्याला त्यांनी नाव दिलं होतं 'बरी चूक'. चूक झाल्यामुळे मूळ मजकुरापेक्षा चांगलं काही निघालं, तरच तिथे प्रवेश. तो रकाना पानंच्या पानं कोरा असायचा. माझा 'त्रास' तिथे गेला. त्याच्या आधीची नोंद करमाळ्याची होती. तिथल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला सर परीक्षक म्हणून गेले असताना एका मुलीनं तक्त्यावर लिहिलं होतं, 'रक्त हे वाहते नाते आहे.' तिच्या डोक्यात होतं 'ऊतक', म्हणजे पेशींचं जाळं, आणि हातून उतरलं 'नाते'. सरांनी तिला पहिला नंबर दिला आणि बाकीच्या दोन परीक्षकांशी त्यावरून भांडण केलं.

मुलांना हे कळल्यावर त्यांनी पेपरात मुद्दाम चुका करून बघितल्या. सर अशा चुका एका नजरेत ओळखत. कोपऱ्यात तांबड्या शाईनं लिहीत, 'ही केलेली आहे, झालेली नाही', आणि मार्क कापत.

नुसत्या चुकांवर थांबले असते तर एक वेळ लोकांनी सोडलं असतं. पण त्यांना त्या नादामागचं कारण सगळ्यांना सांगायचं असे. बोळाच्या तोंडाशी एक न्हावी होता. त्याला ते स्वतःच्या तोंडाला साबण फासलेला असताना सांगत. नरसय्या म्हणून एक तेलुगू विणकर आमच्या समोर राहायचा, त्याला मागावर बसलेला असताना सांगत. नरसय्यानं सगळं शांतपणे ऐकून एकदा म्हटलं होतं, सर, आमच्याकडं चादर चुकली की ती सेकंडमधी जाते, तुमच्याकडं ती वरच्या नंबरात कशी काय जाते? सर तिथल्या पायरीवर बसून तासभर विचार करत राहिले होते.

सांगून झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई. "कळलं का? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका." आणि तेवढ्यावर सुटका नसे. ऐकणाऱ्यानं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. त्यात सरांचा एखादा शब्द जसाच्या तसा आला तर त्यांचा चेहरा पडायचा. "हे माझं झालं," ते म्हणत, "तुमचं नाही झालं."

माझी पाळी एका दुपारी मधल्या सुट्टीत आली. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी उघडून बसले होते. सर समोरच्या खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, बाई, तुम्ही दिवसभर नकला काढता, तुम्हाला हे लवकर समजेल.

त्यांनी सांगितलं ते असं. शरीरातली पेशी दुप्पट होते तेव्हा तिच्या आतला सगळा मजकूर नकलून घेतला जातो. हे काम इतक्या काळजीनं होतं की एवढ्या मोठ्या पोथीत एखादं अक्षर चुकलं तर चुकलं. पण आपल्या अंगात काही राखणदार पेशी असतात. रोगाच्या जंतूला पकडणारा पदार्थ त्या तयार करतात. त्याला प्रतिद्रव्य म्हणायचं. त्या प्रतिद्रव्याची पकड कशी असावी, हे पोथीतल्या काही ओळींत लिहिलेलं असतं. रोग अंगात शिरला की या पेशी भराभर वाढायला लागतात, आणि नेमक्या त्या ओळी नकलताना चुकांवर चुका होतात. बाकीच्या पोथीत नाही, त्या ओळींतच. बहुतेक चुकांनी पकड बिघडते. त्या पेशी मरतात. एखादीची पकड मात्र चुकीमुळे आधीपेक्षा घट्ट होते. तिला वाढायला मिळतं. तिच्या नकला निघतात, त्यांत पुन्हा चुका, त्यांतून पुन्हा निवड. असं होत होत आठवड्या-दोन आठवड्यांत शरीराच्या हाती अशी पकड येते, जी जन्माला येताना त्याच्याकडे नव्हती आणि आईबापांकडेही नव्हती.

मी विचारलं, "हे सिद्ध झालंय का सर?"

सर एकदम ताठ बसले. कुणी हा प्रश्न विचारला की त्यांना आदर वाटायचा. ते म्हणाले, पुरतं नाही. एक पक्ष म्हणतो, सगळ्या पकडी वाडवडिलांकडून लिहूनच आलेल्या असतात. दुसरा म्हणतो, थोड्या लिहून येतात आणि बाकीच्या आयुष्यात चुकांतून घडतात. उंदरांवरचे प्रयोग आता दुसऱ्या पक्षाकडे झुकायला लागलेत. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. तेव्हा मी जिथे जिथे 'असतं' म्हणालो तिथे तिथे तुम्ही 'असावं' अशी दुरुस्ती करून घ्या.

त्यांचा पक्ष पुढे खरा ठरला. पण तेव्हा सोलापुरात बसून त्या बाजूनं बोलणारे सर एकटेच होते. दर दोन-तीन महिन्यांनी ते पुण्याला जात, एका ग्रंथालयात दिवसभर परदेशी मासिकं वाचत, लागेल तेवढं हातानं उतरवून घेत आणि परत येत. उतरवताना त्यांच्याही चुका होत. त्याही वहीत जात.

मग त्यांनी या विषयावर मराठीत एक लेख लिहिला आणि तो टाइप करायला माझ्याकडे आणला. लेख एका मासिकाकडे गेला आणि महिन्याभरानं परत आला. संपादकांनी सभ्य भाषेत लिहिलं होतं की लेख अभ्यासपूर्ण आहे, मात्र सामान्य वाचकाला कळणार नाही. मला वाटलं, सर चिडतील. ते चिडले नाहीत. 'कळणार नाही' या दोन शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ ओढली आणि घरी निघून गेले. दोन दिवस कॉलेजला आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नवा लेख घेऊन आले. आधीच्यापेक्षा सोपा. तो टाइप केला. त्यानंतर आणखी सोपा. दर वेळी काही शब्द गळत. 'जनुक' गेला, 'रेणू' गेला, 'पेशी'सुद्धा एका खर्ड्यातून गेली आणि पुढच्या खर्ड्यात नाइलाजानं परत आली. मी आपली टाइप करत राहिले. नंतरचे खर्डे ते कुठे पाठवतच नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. शेवटच्या खर्ड्याला तर ते म्हणाले, अक्षरं मोठी हवीत, ओळी सुट्या हव्यात. आणि 'प्रतिद्रव्य'च्या जागी सगळीकडे 'शिपायाची पकड' करा. मी विचारलं, सर, हे लहान मुलांसाठी आहे का? ते म्हणाले, "नाही. मोठ्या माणसासाठी आहे."

त्या सुमारास रेडिओवर बातमी आली की देशातून देवीचा रोग गेला. पूर्वी भिंतीभिंतीवर चिकटवलेली देवीच्या रोग्याची चित्रं, रोगी दाखवा म्हणून केलेली आवाहनं, सगळं आता जुनं झालं होतं. ऑफिसात सगळे त्यावर बोलत होते. हेडक्लार्क सरांना म्हणाले, तुम्हाला तर जास्तच आनंद झाला असेल. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते बोलले आणि बोलून चुकले. सर नुसते मान हलवून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. त्यांची आई मंद्रूपला राहते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती आता थकली आहे, सोलापूरला यायला तयार नाही, असं ते म्हणाले. तिला एक गोष्ट समजावून सांगायची आहे. "तुम्ही रविवारी बरोबर याल का? मी कुठे अवघड बोलायला लागलो तर खूण करा. हे सगळं पहिल्यापासून तुमच्या हाताखालून गेलंय. तुम्हाला कळेल, कुठे अडतंय ते."

मी घरी विचारलं. माझी आई म्हणाली, वडिलांच्या वयाचे आहेत, जा. फक्त त्यांना एस.टी.त खिडकी देऊ नकोस, पाट्या बघून मधेच उतरतील.

सरांनी त्या दिवशी पाट्या बघितल्या नाहीत. सोलापूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना जोंधळा उभा होता, कणसं भरत आली होती. सर मांडीवर खर्डा ठेवून बसले होते. बराच वेळ गेल्यावर त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

ते नऊ वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या. ते त्यातून उठायला लागले, तोच धाकट्या बहिणीला आल्या. गौरा तिचं नाव, पाच वर्षांची होती. घरात देवी असताना फोडणी घालायची नाही, असा तेव्हा कडक नेम. चुलीवर चुर्र आवाज झाला, तेलाचा वास सुटला, तर देवी कोपते म्हणायचे. पण सर आजारातून उठलेले, भूक खवळलेली. दहीभाताला कंटाळलेले. त्यांनी हट्ट धरला की मला फोडणीची आमटी पाहिजे. दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आईनं दार लावून घेतलं आणि लसणाची फोडणी दिली. पण वास थोडाच कोंडून राहतो? शेजारणींना कळलं. चौथ्या दिवशी गौरा गेली.

"लोक काय बोलले असतील ते तुम्हाला सांगायला नको," सर म्हणाले. "आई कुणाला काही बोलली नाही. मलाही नाही. पण त्या दिवसापासून तिनं फोडणीचं खाल्लं नाही. आजतागायत. मी गेलो की माझ्यासाठी फोडणीची आमटी करते, माझ्यासमोर ठेवते, आणि स्वतः कोरड्या भाकरीबरोबर मीठ-मिरची खाते."

एकाच घरात, एकाच चुलीपाशी दोन पोरं. एक उठलं आणि एक गेलं, ते का, हे शोधायला आपण या विषयात आलो, असं ते म्हणाले. पुस्तकांतून त्यांना इतकंच कळलं होतं की ते नशिबावर असावं. त्यांच्या अंगात योग्य ती चूक वेळेत झाली. गौराच्या अंगात ती व्हायला थोडे दिवस कमी पडले. त्यात आईची चूक नव्हती. त्यांच्या हट्टाचीही नव्हती. एवढं आईला सांगायचं होतं, आणि तिला कळेल अशा शब्दांत सांगायचं होतं. न्हाव्यापासून नरसय्यापर्यंत सगळ्यांना ते का सांगत फिरायचे आणि 'तुमच्या शब्दांत सांगा' म्हणून का मागे लागायचे, ते मला तेव्हा कळलं. ते शब्द गोळा करत होते.

मी विचारलं, "तुम्ही आईंना कधी विचारलं नाहीत, फोडणी का सोडली म्हणून?"

"काय विचारू?" सर म्हणाले. "तिनं तेच कारण सांगितलं असतं, तर?"

मंद्रूपच्या बाजारतळामागे त्यांचं घर होतं. दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. सरांची आई दारातच बसली होती. बारकी, वाळलेली, पण डोळे स्वच्छ. सर तिला 'अव्वा' म्हणत. तिथल्या त्यांच्यासारख्या घरांत कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदायची. अव्वानं माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर एक आशा आली. मग माझं वय तिच्या ध्यानात आलं आणि तिनं ती सोडून दिली. सरांनी सांगितलं, ऑफिसातल्या बाई आहेत, ह्यांनी सगळं टाइप केलंय. अव्वा म्हणाली, बस माय, डाळ चुलीवर हाय, भाकरी झाल्यात.

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. खर्डा त्यांनी उघडलाच नाही. कॉलेजात ऐकलेलं त्यांचं मराठी गळून पडलं आणि ते तिच्या बोलीत बोलायला लागले. अंगातले शिपाई, त्यांच्या हाताची पकड, ती पकड सांगणाऱ्या ओळी, त्या उतरवताना होणाऱ्या चुका. मला एकदाही खूण करावी लागली नाही. मी त्यांचं ते बोलणं कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण इतकं साधं कधीच नाही. अव्वा गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. मधे एकदा तिनं उठून चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि परत येऊन त्याच जागी बसली.

सांगून झाल्यावर सरांनी 'कळलं का' विचारलं नाही. बहुधा धीर झाला नाही. अव्वाच आपणहून बोलायला लागली.

"म्हंजे हरएक शिपायाची पकड निराळी. चुकत माकत एकाची बसती. मग त्योच वाढतो. तुझ्या अंगात ती लौकर बसली." ती थांबली. "गौराच्या अंगानं बी चुका केल्या असत्याल की. पर बसायच्या आत तिचा येळ सपला."

"व्हय अव्वा," सर म्हणाले. "असं असावं. अजून पुरतं ठरल्यालं न्हाय, पर असंच असावं. त्यात फोडणीचा काय बी संबंध न्हाय. मी मागितली, तू घातलीस. त्यानं कुणाचं काय झालं न्हाय."

अव्वानं त्यांच्याकडे बघितलं.

"फोडणीनं झालं म्हून मी कवा म्हनले?"

सरांनी चष्मा काढला.

"शेजारनी म्हनायच्या. मी कवा म्हनले न्हाय. मोहरी-लसणावर रागवायला देवी काय येवडी ल्हान हाय व्हय?"

"मग तू का सोडलीस?"

बावन्न-त्रेपन्न वर्षांचा माणूस तो प्रश्न पहिल्यांदा विचारत होता. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

अव्वानं भिंतीकडे हात केला. तिथे आता धान्याची एक कणगी होती. "तितं चटईवर ती पडल्याली. तू हितं बसून आमटी वरपत हुतास. तिला वास गेला. म्हनली, अव्वा, मला. तिच्या तोंडात समदे फोड. घशाखाली पानी उतरत नव्हतं. मी म्हनले, बरी हो, मग करते. पयली वाटी तुला, मग मला. तर म्हनली, नक्की? मी म्हनले, नक्की." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तिनं खाल्ली न्हाय. मग मी कशी खाऊ?"

चुलीवरची डाळ रटरटत होती. सर चष्मा हातात धरून बसले होते. इतक्या वर्षांचं वाचन, पुण्याच्या फेऱ्या, इतके खर्डे, सगळं एका प्रश्नाचं उत्तर होतं, आणि तो प्रश्न या घरात कुणी विचारलेलाच नव्हता. मला वाटलं, आता ते उठून अंगणात जातील. मी त्यांच्या जागी असते तर गेले असते.

ते उठले, पण चुलीकडे गेले.

"डाळ शिजली का?"

"शिजलीया."

"मग तिला आज वाढू."

अव्वानं बसल्या जागेवरून हात लांब केला, लोखंडी पळी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

सरांनी जन्मात कधी फोडणी घातली नव्हती. तेल किती ते त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. मोहरी कधी ते विचारलं, तिनं सांगितलं. लसूण तिनं स्वतः ठेचून दिला. पळी तापली, मोहरी तडतडली, आणि तो आवाज आल्याबरोबर अव्वानं डोळे मिटून घेतले. लसूण थोडा करपला. सरांनी पळी डाळीत बुडवली आणि सगळं घर त्या वासानं भरून गेलं. दार उघडंच होतं.

पहिली वाटी त्यांनी भरली आणि कणगीपाशी, भिंतीच्या कडेला नेऊन ठेवली. शेजारी चतकोर भाकरी ठेवली. मग येऊन बसले. आम्ही तिघंही त्या वाटीकडे न बघता बसून राहिलो. बाहेर कुणीतरी बैलाला हाकत गेलं. वाटीतून वाफ निघायची थांबली, तेव्हा अव्वा म्हणाली, "झालं तिचं. वाढ आता."

सरांनी दुसरी वाटी भरली. थोडी आमटी जमिनीवर सांडली. अव्वानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. तिनं तो लगेच गिळला नाही. जिभेवर धरून ठेवला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

सर मिठाचा डबा शोधायला उठले.